तयार कंटेनर की स्वतःचा? निर्णयाची एक पक्की रीत

प्रोग्राममध्ये अनेक गोष्टी एकत्र ठेवायच्या म्हटल्या की कंटेनर लागतो. पायथनची लिस्ट आणि डिक्शनरी, जावाचे अ‍ॅरेलिस्ट आणि हॅशमॅप, सी प्लस प्लसचे व्हेक्टर आणि मॅप हे सगळे कंटेनरच. (डॉकरचे कंटेनर हा वेगळा विषय, इथे बोलायचे आहे ते माहिती साठवणाऱ्या रचनांबद्दल.) भाषेसोबत मिळणारे कंटेनर वापरायचे की आपल्या गरजेनुसार स्वतःचा लिहायचा, हा प्रश्न कॉलेजच्या प्रकल्पापासून मोठ्या उत्पादनापर्यंत सगळीकडे येतो. बहुतेक वेळा तो घाईत, सवयीने किंवा हौसेपोटी सोडवला जातो आणि त्याची किंमत पुढे वर्षानुवर्षे तो कोड सांभाळणाऱ्यांना मोजावी लागते. म्हणून या निर्णयाची एक रीत ठरवून घेणे फार गरजेचे आहे.

प्रत्येक कंटेनर वापरणाऱ्याला काही हमी देतो. घातलेला क्रम टिकेल, एकच की दोनदा येणार नाही, शोध झटपट लागेल, साठवलेली वस्तू मेमरीतल्या त्याच पत्त्यावर राहील, अशा या हमी असतात. तयार कंटेनर सर्वांसाठी लिहिलेला असल्यामुळे भरपूर हमी देतो आणि प्रत्येक हमीसाठी थोडा वेळ किंवा थोडी मेमरी खर्च करतो. म्हणून स्वतःचा कंटेनर लिहिण्याला दोनच सबळ कारणे आहेत. पहिले, तयार कंटेनरची एखादी हमी आपल्याला नको आहे आणि ती सोडल्यावर मोजता येईल असा फायदा होतो. दुसरे, आपल्याला हवी असलेली हमी तयार कंटेनर देतच नाही. ती हमी कोणती, हे एका वाक्यात सांगता येत नसेल तर तयार कंटेनरच वापरा.

आधी कामाची यादी करा

कंटेनर निवडण्यापूर्वी कागदावर लिहून काढा: या माहितीवर आपण नेमके काय करणार आहोत? क्रमांकाने वाचणार की कीवरून? भर शेवटी पडणार की मध्ये? काढणार कुठून? क्रम हवा का? नोंदी शंभर असतील की एक कोटी? एकाच वेळी अनेक थ्रेड त्यात लिहितील का? एवढी उत्तरे मिळाली की बहुतेक वेळा निवड आपोआप होते.

- क्रमाने ठेवायचे, शेवटी भर घालायची, क्रमांकाने वाचायचे: पायथनची लिस्ट, जावाचा अ‍ॅरेलिस्ट, सी प्लस प्लसचा व्हेक्टर, रस्टचा व्हेक.
- कीवरून व्हॅल्यू शोधायची: पायथनची डिक्शनरी, जावा आणि रस्टमधला हॅशमॅप, सी प्लस प्लसचा अनऑर्डर्ड मॅप.
- एखादी गोष्ट आहे की नाही एवढेच पाहायचे: सेट.
- दोन्ही टोकांनी घालायचे आणि काढायचे: पायथनचा डेक, जावाचा अ‍ॅरेडेक, रस्टचा व्हेकडेक.
- नोंदी सतत कीच्या क्रमाने हव्यात, अमुकपासून तमुकपर्यंतच्या शोधायच्या: जावाचा ट्रीमॅप, सी प्लस प्लसचा मॅप, रस्टचा बीट्रीमॅप.
- दर वेळी सर्वात लहान किंवा सर्वात तातडीची नोंद आधी काढायची: पायथनचा हीपक्यू, जावाचा प्रायॉरिटीक्यू.

“तयार कंटेनर मंद आहे” अशी तक्रार येते तेव्हा पुष्कळदा निवड चुकलेली असते. पायथनच्या लिस्टमधून पहिला घटक काढला की मागचे सगळे घटक एकेक जागा पुढे सरकवावे लागतात. रांगेत एक लाख नोंदी असतील तर प्रत्येक वेळी जवळपास लाखभर सरकवासरकव होते. डेक वापरला की ती थांबते. तसेच दहा हजार नावे दुसऱ्या दहा हजार नावांच्या लिस्टमध्ये शोधली, तर वाईटात वाईट परिस्थितीत दहा कोटी तुलना होतात. दुसऱ्या यादीचा सेट केला की साधारण दहा हजार शोधांत काम होते. दोन्ही ठिकाणी नवा कंटेनर लिहावा लागला नाही.

तयार कंटेनर पूर्ण ओळखा

शेवटच्या शंभर नोंदीच ठेवायच्या आहेत म्हणून अनेक जण रिंग बफर लिहायला घेतात. पायथनच्या डेकला कमाल लांबी शंभर सांगितली की जुनी नोंद आपोआप गळून पडते. नुकतेच वापरलेले ठेवायचे आणि जुने टाकायचे, असा कॅशे जावामध्ये लिंक्डहॅशमॅपवर काही ओळींत तयार होतो: क्रम वापरानुसार ठेवायला सांगायचे आणि सर्वात जुनी नोंद कधी काढायची ते ठरवणारी एक मेथड लिहायची. पायथनमध्ये फंक्शनच्या उत्तरांसाठी असाच कॅशे फंकटूल्समध्ये तयार आहे. पायथनमध्येच मोजणीसाठी काउंटर, गट पाडण्यासाठी डिफॉल्टडिक्ट, एनमच्या व्हॅल्यू की म्हणून असतील तेव्हा जावाचा एनममॅप, अनेक थ्रेडसाठी कॉन्करंटहॅशमॅप. ही नावे माहीत नसल्यामुळे कितीतरी कोड नव्याने लिहिला जातो.

हमी आवृत्तीनुसार वाढतात, हेही लक्षात ठेवा. पायथनची डिक्शनरी घातलेला क्रम टिकवते, याची भाषेने अधिकृत हमी दिली ती 2018 मध्ये आलेल्या 3.7 आवृत्तीपासून. केवळ क्रमासाठी त्याआधी लिहिलेल्या रचनांची गरज बऱ्याच ठिकाणी तिथेच संपली.

शिवाय तयार कंटेनर थोडा जुळवून घेता येतो. व्हेक्टर भरला की तो मोठी जागा घेतो आणि जुने घटक तिकडे हलवतो. किती घटक येणार याचा अंदाज असेल तर रिझर्व्ह करून जागा आधीच मागून ठेवा. ही एक ओळ कित्येकदा नव्या कंटेनरइतकाच फायदा देते.

तयार कोडमागचे कष्ट

लायब्ररीतला कंटेनर साधा दिसतो, पण तो तसा होण्यासाठी अनेकांनी अनेक वर्षे घालवलेली असतात. 2006 मध्ये जोशुआ ब्लॉक यांनी जावाच्या लायब्ररीतल्या बायनरी सर्चमधला एक दोष जाहीर केला. तो कोड त्यांनी स्वतः लिहिला होता आणि दोष सुमारे नऊ वर्षे तिथे होता. मधला क्रमांक काढताना दोन टोकांचे क्रमांक बेरीज करून दोनाने भागले जात होते. अ‍ॅरेमध्ये 107 कोटींच्या वर घटक गेले की ती बेरीज पूर्णांकाच्या मर्यादेबाहेर जाऊन ऋण होऊ शकत होती. पाठ्यपुस्तकातले इतके परिचित सूत्रसुद्धा चुकू शकते.

दुसरी घटना 2011 च्या डिसेंबरमधली. बर्लिनच्या केऑस कम्युनिकेशन काँग्रेसमध्ये अलेक्झांडर क्लिंक आणि युलियन वेल्डे यांनी हॅश टेबलवरचा हल्ला दाखवला. एकाच बकेटमध्ये जातील अशा हजारो की मुद्दाम पाठवल्या की झटपट लागणारा शोध रांगेतल्या शोधाइतका संथ होतो आणि सर्व्हर अडकून पडतो. पीएचपी, जावा, पायथन, रुबी अशा अनेक मंचांवर त्याचा परिणाम होत होता. त्यानंतर पायथनने 3.3 आवृत्तीपासून हॅशमधली यादृच्छिकता आपोआप चालू ठेवली आणि 3.4 मध्ये सिपहॅश हे हॅश फंक्शन आणले. जावा 8 मध्ये एका बकेटमध्ये फार नोंदी साचल्या तर तिथे झाडाची रचना येऊ लागली.

या दोन्ही घटनांत तयार कंटेनर वापरणाऱ्यांना उपाय आवृत्ती बदलताच मिळाला. स्वतःचे हॅश टेबल लिहिलेल्याला आधी बातमी कळायला हवी, मग ती आपल्या कोडला लागू आहे हे उमगायला हवे आणि मग दुरुस्ती स्वतः करायला हवी. बाहेरून आलेली की तुमच्या हॅश टेबलात जाणार असेल, तर केवळ वेगासाठी तयार हॅश सोडू नका.

मधली वाट: आत तयार, बाहेर आपले

आपल्याला हवी ती हमी तयार कंटेनरमध्ये नसते, असे वारंवार होते. पण ही हमी बहुधा रचनेची नसून व्यवहाराच्या नियमांची असते. त्यासाठी आतली रचना नव्याने लिहावी लागत नाही, तिच्यावर एक आवरण पुरते.

औषधांच्या दुकानाचे सॉफ्टवेअर घ्या. प्रत्येक औषधाच्या अनेक बॅच, प्रत्येक बॅचची एक्स्पायरी वेगळी. जिची मुदत आधी संपते ती बॅच आधी विकायची. मुदत संपलेले औषध विक्रीत येता कामा नये. शिल्लक शून्याखाली जाता कामा नये. हे सगळे डिक्शनरीत लिस्ट ठेवून सहज साठवता येते. मात्र ती उघडी डिक्शनरी बिलिंग, खरेदी आणि अहवाल अशी सगळीकडे फिरू लागली की तिन्ही नियम प्रत्येक ठिकाणी पाळावे लागतात आणि एका ठिकाणी तरी राहून जातात. औषधाच्या बाबतीत असे राहून जाणे रुग्णाच्या जिवावर बेतू शकते.

त्याऐवजी ‘औषधसाठा’ नावाचा क्लास करा. बाहेरच्या कोडला मोजक्याच मेथड द्या: माल जमा करणे, विक्री करणे, मुदत संपत आलेल्या बॅच सांगणे. आत डिक्शनरी आणि हीप राहू द्या. नियम एका जागी आले, त्यांच्या टेस्ट एका जागी आल्या आणि उद्या आतली रचना बदलली तरी बाहेर कुणाला काही कळणार नाही. तुम्हाला “स्वतःचा कंटेनर हवा” असे वाटते तेव्हा बहुतेक वेळा हेच हवे असते. त्यामुळे आधी हे करून पाहा.

आवरण लिहिताना तयार क्लासपासून वारसा घेण्याचा मोह टाळा. पायथनमध्ये डिक्शनरीचा उपवर्ग करून नोंद घालण्याची मेथड बदलली तरी अपडेट तुमच्या मेथडला विचारतच नाही, त्यामुळे तपासणी चुकवून नोंद आत जाते. जावामध्ये हॅशसेटचा उपवर्ग करून किती घटक घातले ते अ‍ॅड आणि अ‍ॅडऑल या दोन्हींत मोजले, तर मोजणी दुप्पट येते, कारण अ‍ॅडऑल आतून अ‍ॅडलाच बोलावते. सी प्लस प्लसच्या कंटेनरांना व्हर्च्युअल डिस्ट्रक्टर नसतो, म्हणून मूळ क्लासच्या पॉइंटरमधून उपवर्गाची वस्तू डिलीट केली तर काय होईल याची भाषा हमी देत नाही. तयार कंटेनर आपल्या क्लासचा खासगी सदस्य म्हणून ठेवा आणि लागतील तेवढ्याच मेथड बाहेर काढा. पायथनमध्ये वारसाच हवा असेल तर कलेक्शन्समधला यूजरडिक्ट त्यासाठी आहे. आतली लिस्ट जशीच्या तशी बाहेर देऊ नका. प्रत द्या किंवा फक्त वाचता येईल असा व्ह्यू द्या. नाहीतर बंद केलेले दार तुम्हीच उघडून ठेवता.

लिहिण्याआधी विश्वासू लायब्ररी शोधा

गरज खरोखर रचनेची असेल, तरी तशी गरज पडलेले तुम्ही पहिले नसता. जावामध्ये अ‍ॅरेलिस्टात पूर्णांक ठेवले की साधारणपणे प्रत्येक अंकासाठी वेगळा इंटिजर ऑब्जेक्ट लागतो. नेहमीच्या 64 बिटांच्या जेव्हीएमवर तो साधारण 16 बाइटचा असतो आणि त्याच्याकडे बोट दाखवायला आणखी किमान 4 बाइट लागतात. एक कोटी अंकांसाठी साध्या अ‍ॅरेला सुमारे 40 एमबी पुरतात, अ‍ॅरेलिस्टला 200 एमबीच्या आसपास लागू शकतात. हा प्रश्न फास्टयूटिल आणि इक्लिप्स कलेक्शन्स या लायब्ररींनी सोडवून ठेवला आहे. पायथनमध्ये अंकांसाठी नमपाय आहे, सतत क्रमवार राहणाऱ्या यादीसाठी सॉर्टेडकंटेनर्स आहे. सी प्लस प्लसमध्ये बूस्ट आणि अ‍ॅबसेल आहेत. एकाच नोंदी अनेक कीवरून शोधायच्या असतील तर बूस्टचा मल्टी-इंडेक्स जरूर पाहा.

लायब्ररी घेताना परवाना वाचा, अलीकडे नवी आवृत्ती आली आहे का ते पाहा आणि एका कंटेनरसाठी किती मोठे ओझे प्रकल्पात येते त्याचा विचार करा.

कोणी लिहिले आणि का

स्वतःचे कंटेनर लिहून यशस्वी झालेल्यांकडे पाहिले तर प्रत्येकाला आपण कोणती हमी सोडतो आहोत किंवा मिळवतो आहोत हे नेमके माहीत होते.

सी प्लस प्लसच्या अनऑर्डर्ड मॅपमध्ये टेबल वाढले तरी नोंदीचा पत्ता बदलत नाही. ही हमी पाळायची तर प्रत्येक नोंद मेमरीत सुटी ठेवावी लागते आणि शोधताना प्रोसेसरला इकडेतिकडे उड्या माराव्या लागतात. गूगलच्या अभियंत्यांनी स्विस टेबल या आपल्या हॅश टेबलमध्ये ही हमी सोडली आणि नोंदी सलग ठेवल्या. 2017 च्या सीपीपीकॉन या सी प्लस प्लस परिषदेत ही रचना मांडली गेली आणि पुढच्या वर्षी अ‍ॅबसेलमधून सर्वांना खुली झाली. 2019 मध्ये रस्टच्या 1.36 आवृत्तीतला हॅशमॅप त्याच रचनेवर आला आणि 2025 मध्ये गोच्या 1.24 आवृत्तीने तीच वाट धरली.

एलएलव्हीएम या कंपायलर प्रकल्पाचा स्मॉलव्हेक्टर पहिले काही घटक स्वतःच्या पोटातच ठेवतो, कारण कंपायलरमधल्या बहुतांश याद्या अगदी छोट्या असतात आणि त्यांच्यासाठी वेगळी मेमरी मागणे महाग पडते. इलेक्ट्रॉनिक आर्ट्स या गेम कंपनीने ईएएसटीएल ही कंटेनरांची लायब्ररी लिहिली, कारण गेम कन्सोलवर मेमरी मोजकी असते आणि तिच्या वाटपावर त्यांना पूर्ण ताबा हवा होता. त्याची कारणमीमांसा त्यांनी 2007 मध्ये सी प्लस प्लसच्या मानक समितीपुढे सविस्तर ठेवली. लिनक्स कर्नल मुख्यतः सी भाषेत आहे आणि सीमध्ये तयार कंटेनरच नाहीत. तिथल्या लिंक्ड लिस्टचा दुवा मूळ वस्तूच्या आतच असतो, म्हणून यादीत घालताना नवी मेमरी मागावी लागत नाही आणि एकच वस्तू अनेक याद्यांत राहू शकते.

आपल्या कारणाची तुलना या कारणांशी करून पाहा. ते तेवढेच नेमके असेल तर पुढे जा.

मोजल्याशिवाय ठरवू नका

वेगासाठी कंटेनर बदलायचा असेल तर प्रोफायलर चालवणे ही पहिली पायरी. कंटेनरवर एकूण वेळेच्या 5 टक्केच वेळ जात असेल, तर तो कितीही वेगवान केला तरी 5 टक्क्यांपेक्षा जास्त काही हाती लागणार नाही. कंटेनर सुधारण्याची मेहनत डेटाबेसच्या क्वेरीवर घालवणे शहाणपणाचे.

पुस्तकातल्या गणितावर विसंबून राहू नका. मध्येच भर घालायची तर लिंक्ड लिस्ट, असे आपण शिकतो. अंक क्रमवार जागी घालत जायचे आणि मग कुठूनही काढत जायचे, एवढेच काम घेऊन 2012 मध्ये सी प्लस प्लसचे जनक ब्यार्ने स्ट्रूस्ट्रप यांनी दाखवून दिले की तिथेही व्हेक्टर लिंक्ड लिस्टला मागे टाकतो. योग्य जागा शोधायला यादी चालावीच लागते. प्रोसेसर मेमरीतून एका वेळी साधारण 64 बाइटचा तुकडा उचलतो, म्हणून सलग ठेवलेले घटक त्याला एकदम मिळतात. विखुरलेल्या घटकांसाठी मात्र त्याला पुन्हा पुन्हा मुख्य मेमरीपर्यंत जावे लागते, आणि ती फेरी जवळच्या कॅशेपेक्षा कितीतरी पट महाग असते.

बेंचमार्क खऱ्या माहितीवर करा. सी प्लस प्लसमध्ये डीबग बिल्डचे आकडे धरू नका. जावामध्ये जेएमएच हे बेंचमार्कचे साधन वापरा, कारण जेव्हीएमला सुरुवातीला तापायला वेळ लागतो. शंभर, दहा हजार आणि तुमच्याकडे प्रत्यक्ष येणारा सर्वात मोठा आकडा, असे तिन्ही आकार तपासा. वेळेसोबत मेमरीही मोजा.

लिहायचेच ठरले तर

तुमचा कंटेनर तयार कंटेनरसारखाच वागू द्या. पायथनमध्ये म्युटेबलमॅपिंगच्या पाच मेथड लिहिल्या की बाकीच्या आपोआप मिळतात आणि वापरणाऱ्याला नवे काही शिकावे लागत नाही. सी प्लस प्लसमध्ये इटरेटर नेहमीच्या पद्धतीने द्या, म्हणजे लायब्ररीतले अल्गोरिदम थेट चालतात. हीच सोय पुढे तुमचा कंटेनर काढून तयार कंटेनर बसवतानाही कामी येते.

टेस्टसाठी सर्वात भरवशाची युक्ती अशी: तुमचा कंटेनर आणि एक तयार कंटेनर शेजारी ठेवा, दोघांवर तीच यादृच्छिक कामे हजारो वेळा चालवा आणि प्रत्येक पायरीनंतर दोघांची स्थिती सारखी आहे का ते पाहा. पायथनमध्ये हायपोथेसिस ही लायब्ररी हे काम सोपे करते. रिकामा कंटेनर, एकच घटक, जागा वाढण्याच्या नेमक्या क्षणी घातलेला घटक, फिरत असतानाच केलेली खोडणी, या ठिकाणी दोष दडून बसतात. सी आणि सी प्लस प्लसमध्ये मेमरीच्या चुका पकडणारा अ‍ॅड्रेससॅनिटायझर चालू ठेवूनच टेस्ट चालवा.

फाइलच्या सुरुवातीलाच लिहून ठेवा: कोणता तयार कंटेनर पाहिला, त्याची कोणती हमी सोडली, मोजमापात काय आढळले आणि अनेक थ्रेडमधून वापरता येतो की नाही. या चार ओळी नंतर येणाऱ्याचे कितीतरी तास वाचवतात. कोड रिव्ह्यूमध्ये या ओळी नसतील तर त्या मागा.

विद्यार्थ्यांना एक आवर्जून सांगायचे आहे. अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षी लिंक्ड लिस्ट, हॅश टेबल आणि झाड हाताने लिहायला लागते, ते मनापासून लिहा. आत काय चालते हे ज्याने अनुभवले आहे, त्यालाच तयार कंटेनर शहाणपणाने निवडता येतो. मात्र अभ्यासासाठी लिहिलेला तो कोड ग्राहकाच्या उत्पादनात ठेवू नका.

निवृत्तीची वेळही ठरवा

क्यूटी या प्रसिद्ध फ्रेमवर्कने स्वतःचे कंटेनर लिहिले ते 1990 च्या दशकात. सी प्लस प्लसची मानक लायब्ररी तेव्हा सगळ्या कंपायलरवर सारखी भरवशाची नव्हती, त्यामुळे तो निर्णय त्या काळी योग्यच होता. मानक लायब्ररी पक्की झाल्यावर क्यूटीने आपली सॉर्ट फंक्शन मागे घेऊन तिच्याकडे बोट दाखवले, स्वतःच्या लिंक्ड लिस्टचा वापर थांबवायला सांगितले आणि 2020 च्या क्यूटी 6 मध्ये व्हेक्टर आणि लिस्ट हे आपले दोन कंटेनर एकच करून टाकले. एवढ्या मोठ्या प्रकल्पाने आपलाच कोड वेळेवर कमी केला, हे अनुकरणीय आहे.

म्हणून भाषेची मोठी आवृत्ती आली की तुमच्या प्रत्येक स्वतःच्या कंटेनरची त्या चार ओळींतली टीप काढून वाचा आणि मोजमाप पुन्हा करा. लिहिण्याचे कारण अजून टिकून असेल तर तो जपा, त्याच्या टेस्ट वाढवा. कारण उरले नसेल तर तयार कंटेनर बसवा, टेस्ट हिरव्या झाल्या की जुनी फाइल काढून टाका आणि टीमला तसे कळवा.